तेल न लावलेली चकती

पेणहून खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर शकूकाकीचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. पाटीवर अजून तिच्या नवऱ्याचं, पुंडलिकचं नाव. पण पुंडलिक होता तेव्हाही पंक्चर काकीच काढायची. तो गिऱ्हाइकांना चहा पाजायचा आणि राजकारण शिकवायचा. तो गेला, आणि दुकानात फरक पडला तो एवढाच, की चहा बंद झाला.

काकी मिठागरवाल्यांची लेक. त्या घरांत दर शनिवारी झाडून सगळं लोखंड तेलाने पुसतात. फावडं, विळा, दाराच्या बिजागऱ्यासुद्धा. खारा वारा कोरडं लोखंड बघता बघता खातो. काकीच्या बापाने जाताना जमिनीबद्दल चकार शब्द काढला नाही, पण फावड्याला तेल लावायचं मात्र दोनदा बजावलं.

या सवयीनेच घात केला. जोह्याचा नितेश डोलवीला कंपनीत शिफ्ट करतो. त्याने डोंगरात हाकायची जाड टायरची सायकल घेतली. हिचे ब्रेक रिमला धरत नाहीत. चाकाच्या मधोमध एक पोलादी चकती असते, तिला दोन पॅड दोन्हीकडून चिमटा काढतात. ब्रेक करकरतो म्हणून नितेशने सायकल काकीकडे टाकली. काकीने ती उघडीबोडकी, कोरडीठाक चकती पाहिली आणि तिच्याने राहवेना. चांगलं सढळ हाताने तेल चोळलं. करकर थांबली. ब्रेकही थांबला.

हे नितेशला निडीजवळच्या उतारावर कळलं. तो सायकलीसकट भाताच्या खाचरात गेला आणि कंबरेपर्यंत चिखल घेऊन बाहेर आला. हाड मोडलं नाही, पण बातमी त्याच्या आधी घरी पोचली. बाजारात मासे घेताना बायका काकीला विचारायच्या, "काय गो शकू, तळायला तेल उरलंय का?"

तेही तिने गिळलं असतं. पण रोह्याला डोंगरातली सायकल शर्यत भरायची होती, आणि तिथला मेकॅनिक मीच, असं काकी गावभर सांगून बसली होती. शर्यतीचा कारभारी कमळाकर दुकानात आला, तो स्टुलावर बसलाही नाही.

"काकी, मेकॅनिक मुंबईचा येतोय. तुमी पायजे तर हवा भरायला या."

"हवा भरायला पंप पुरतो. मी मेकॅनिक म्हनून येनार. रविवारी शर्यतीच्या उतारावर ये, दाखवते."

"कुनाच्या सायकलीवर?"

"जिने पाडला, तिच्यावरच."

नितेश आधी ऐकेना. "काकी, एकदा पडलो तेवढा पुरे हाय."

"माझ्यामुळं पडलास ना? मग सुधरनार पन मीच. आन चालवनार पन मीच. तू नको बसू."

शेजारी नमिताचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. तिने फोनवर बघून सांगितलं, की तेल प्यालेले पॅड कितीही पुसले तरी कामाचे नाहीत. काकीने ते नवेकोरे असूनही कचऱ्यात टाकले आणि दुसरे मागवले. मोबाईलचे बोर्ड पुसायचं अल्कोहोल नमिताकडून घेऊन चकती पुसली, एकदा, दोनदा, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. मग तिला बोटही लावलं नाही. पॅड ज्यात बसतात त्या कॅलिपरचे दोन बोल्ट ढिले केले, लिव्हर घट्ट आवळून धरला आणि तसेच बोल्ट कसले, म्हणजे तो चकतीच्या बरोबर मध्ये बसला. मागे पांढरा कागद धरून बघितलं: चकतीच्या दोन्ही अंगाला उजेडाची बारीक रेघ, सारखी. शनिवारी दुकानातल्या सगळ्या लोखंडाला तेल लागलं. त्या चाकावर मात्र काकीने आपली धुतलेली साडी गुंडाळून ठेवली.

"काकी, नवरीला झाकतात तशी झाकलीय," नमिता म्हणाली.

"नवरीला हळद तरी लागते. हिला तेवढं पन नाय."

रविवारी पहाटेच काकीने सपाट रस्त्यावर वीस वेळा सायकल पळवली आणि वीस वेळा ब्रेक हळूहळू दाबून तिचा वेग उतरवला, चाक न अडकवता. नवे पॅड असेच मुरवावे लागतात. मग टेम्पोतून रोहा. कासोटा घालून एकसष्ट वर्षांची बाई उताराच्या माथ्यावर उभी राहिली, तेव्हा खाली चुन्याची रेघ मारलेली होती आणि जत्रेएवढी माणसं होती.

"कमळाकर, त्या रेघेवर उभा ऱ्हा," काकीने वरून सांगितलं.

"मी कशाला?"

"तुजा मुंबईवाला असता तर ऱ्हायला असतास ना?"

सगळे बघत होते. बिचारा उभा राहिला. काकी सुटली. अर्ध्या उतारावर चपला गेल्या, तरी तिने लिव्हरला हात लावला नाही. मग दोन बोटांनी तो दाबला. सायकल कमळाकरच्या पोटापासून वीतभर अलीकडे थांबली. करकर नाही, काही नाही. कमळाकरचे डोळे मिटलेले होते. धूळ गेली, असं तो अजून सांगतो.

डोळे उघडल्यावर म्हणाला, "बरं, बसा मग. मुंबईवाल्याला मदतीला."

"त्याला बसव माझ्या मदतीला. नायतर ही मी चालले पेनला."

शर्यतीच्या दिवशी तंबूत दोन खुर्च्या होत्या. मोठीवर काकी बसली होती. मुंबईचा मेकॅनिक चांगला पोरगा निघाला. आला, वाकून नमस्कार केला आणि पहिल्याच सायकलीच्या चकतीकडे हात नेला.

"थांब," काकी म्हणाली. "नाश्त्याला वडे खाल्लेस ना? आधी हात धू."