सातवं रीळ

"बबनराव, एक रीळ उडवा," शेठ केबिनच्या दारातूनच म्हणाले. "पोरांच्या गाड्या चुकल्या, तर उद्यापासून तुम्ही घरी बसा."

नव्वद सालानंतरची गोष्ट. बारामतीतल्या एका टॉकीजमध्ये मी ऑपरेटर होतो. म्हणजे मशीनवर पिक्चर चालवणारा. त्या दिवशी शेळगावच्या शाळेची दीडशे पोरं एसटीच्या दोन गाड्या ठरवून पिक्चरला आली होती. बाराचा शो, आणि लाइट आली साडेबाराला. पोरं पोचवून गाड्यांना पुढची फेरी होती, त्यामुळे पावणेदोनला त्या हलणार म्हणजे हलणार. पिक्चर आठ रिळांचा, एकेक रीळ दहा मिनिटांचं. सगळी चालवली तर इंटरव्हल धरून दोन वाजणार. एक उडवलं आणि इंटरव्हल पाच मिनिटांत गुंडाळला की जमत होतं.

रीळ उडवणं हा आमच्या धंद्यातला जुनाच प्रकार. खेड्यावरचं पब्लिक शेवटच्या गाडीवर डोळा ठेवून बसलेलं असतं. मग मारधाडीच्या पिक्चरमधून हिरोच्या बहिणीचं लग्न काढून टाकायचं. पब्लिक चार शिट्ट्या मारतं आणि विसरतं. वीस वर्षांत माझ्यामुळे किती बहिणी बिनलग्नाच्या राहिल्या, देवाला माहीत.

पण हा पडला चित्रांचा पिक्चर. सगळी जनावरं, आणि ती बोलणार हिंदीत! रिळांची पेटी सकाळीच आलेली, शो पहिलाच. कुठल्या रिळात काय आहे, मला कुठं ठाऊक?

तसा ऑपरेटर पिक्चर बघतच नाही. तो ठिपका बघतो. केबिनमध्ये दोन मशीन असतात. एकीवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो. तो दिसला की दुसरी मशीन चालू करायची. सात-आठ सेकंदांनी पुन्हा चमकला की तिचा उजेड पडद्यावर सोडायचा. मध्ये पडद्यावर कोण रडतंय, कोण नाचतंय, आपल्याला काय त्याचं!

त्या दिवशी मात्र कुठलं उडवावं हे ठरवायला भिंतीतल्या झरोक्याला डोळा लावला.

मेंढरांचा कळप होता. मला हसूच आलं. मेंढरांना ह्या लांब पापण्या! मी धनगराचा पोरगा, शेळगावचाच. बाप मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा. तो वास नको म्हणून मी पळून बारामतीला आलो, तो इथलाच झालो. बाप गेला. आई गावाकडेच होती. वर्षाकाठी माझी एखादी खेप व्हायची, तीही जत्रेला.

चौथ्या रिळात एक वाकड्या कानाचं कोकरू मागं राहिलं आणि कोळशाच्या खड्ड्यात पडलं. काळंठिक्कर झालं. म्हटलं, पाचवं उडवू. पण मग त्या कोकराचं काय? पाचवं लावलं. त्यात त्याची आई कळप सोडून माघारी फिरली. म्हटलं, सहावं उडवू. हात मुकाट्यानं सहाव्याच्याच डब्याकडे गेला. मला काय झालंय, कळेना. आणि त्या सहाव्यात ती बया कोकराच्या अंगावरून पुढं निघून गेली की हो! ओळखलंच नाही.

"अगं, वास घे की!" मी केबिनमध्ये एकटाच ओरडलो. मेंढी रंगावरनं पोर ओळखते होय? चित्र काढणाऱ्यानं मेंढी बघितली होती की नाही कोण जाणे. रागारागात सातवं लावलं.

ते संपत आलं आणि एसटीचा ड्रायव्हर जिना चढून आला.

"ओ ऑपरेटर, पावनेदोन वाजून गेलं! गाडी मोकळीच न्हेऊ का?"

"एवढं बघा," मी म्हणालो. शेजारच्या झरोक्याला त्यानं डोळा लावला.

"हे काळं कोन हाय?"

"तिचंच पोरगं. कोळशात पडलंय."

"मग वळखंना का?"

"तेच तर म्हणतोय मी!"

"आवो, वास घ्यायला लावा की तिला!"

"मी काय लावू!"

मेंढी वळली. कोकरासमोर उभी राहिली. मान खाली करू लागली... आणि पडदा पांढराफेक झाला.

ठिपका चुकला होता. वीस वर्षांत पहिल्यांदा. खाली दीडशे पोरं एकदम केकाटली. झरोका सोडून धावलो. कशीबशी दुसरी मशीन चालू केली. मेंढीनं मान खाली घातली, हुंगलं, आणि कोकराला चाटायला लागली. काळ्यातनं पांढरं दिसू लागलं. मला रडू आलं. मशीनच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनचा धूर डोळ्यांत गेला, असं मी म्हणालो. ड्रायव्हर "व्हय, धूर लई हाय" म्हणाला आणि शेवटापर्यंत हलला नाही.

गाड्या दोन वाजून गेल्यावर सुटल्या. जिन्याखाली शेठ लालेलाल होऊन उभे होते. तेवढ्यात शाळेचे गुरुजी आले. "शेठ, मधी पडदा पांढरा झाला, तवा आमचासुद्धा जीव खालीवर झाला. काय डोकं लावलंय पिक्चर करणाऱ्यानं!"

शेठनी माझ्याकडे बघितलं. पांढरा पडदा म्हणजे काय, हे त्यांना बरोबर कळत होतं. "रीळ का नाही उडवलं?" एवढंच विचारलं. त्यांनी घरी बसवलं नाही, पण आठवडाभर बोललेही नाहीत.

पुढच्या सुट्टीला शेळगावला गेलो. आई ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती.

"आज रं कसा? जत्रा तर लांब हाय."

"असंच."

तिनं मला जवळ ओढलं, मानेपाशी नाक लावलं. "धुराचा वास मारतोय तुला," म्हणाली. तसाच बसून राहिलो.

म्हणून नव्या ऑपरेटरांना मी एकच सांगतो. बाबांनो, ठिपका बघा. पिक्चर बघू नका.