तिसरी मुलाखत

विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात पीएच.डी.च्या मुलाखतीसाठी मी बाकावर बसलो होतो. शेजारी पाचोडच्या शाळेतल्या एक बाई होत्या, पन्नाशीच्या. मांडीवरची फाईल दोन्ही हातांनी घट्ट धरून म्हणाल्या, "तिसऱ्यांदा आले. मागच्या साली साहेबांनी विचारलं, या वयात कशाला?"

"मग?"

"म्हणलं, सातवीनंतर आमच्या पोरी शाळा का सोडतात, हे मला ठाव हाय. पण मास्तरणीचं तोंडी कोण ऐकतंय? लिहूनच द्यावं लागंल."

संध्याकाळी यादी लागली. माझं नाव होतं, त्यांचं नव्हतं. मला तर अजून विषयही नीट सुचला नव्हता. बाई मला मनापासून शाब्बास म्हणाल्या आणि खिडकीशी जाऊन कारकुनाला विचारू लागल्या, "पुढच्या साली अर्ज कधी निघतेत?"