तेलाची तपासणी

नागीण गेली, पण डाव्या खांद्यावर आपली आग ठेवून गेली. कापड टेकलं तरी निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. आठ महिने मी मल्लेश्वरमच्या आमच्या घरात डावा खांदा उसवलेल्या नायटीत काढले. तीस वर्षं पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात मालाच्या इन्स्पेक्शनला होते. इस्त्रीच्या साडीशिवाय मी कधी गेटातून आत गेले नाही, आणि आता दारावर भाजीवाली आली तरी ह्यांना पुढे करायची वेळ आली होती. त्यात भावाच्या मुलीचं लग्न चार महिन्यांवर आलेलं, आणि मी तिची एकुलती एक आत्या.

"तू घरीच थांब अक्का, लोक समजून घेतील," भाऊ म्हणाला. समजून घेणाऱ्या लोकांचा मला तिटकारा आहे. मी जाणार, आणि साडी नेसून जाणार, असं त्याला तिथल्या तिथे सांगून टाकलं.

वरच्या मजल्यावर पुण्याहून आलेली एक मुलगी राहते. आयटीत आहे. तिने एक हिरवी बाटली आणून दिली. "काकू, हेम्प ऑइल आहे, यात सीबीडी असतं, नशा नाही होत त्याने. माझ्या टीममध्ये सगळे घेतात, पेनवर एकदम बेस्ट!"

बाटलीवरचं पान बघून ह्यांचा चेहरा उतरला. "गांजा? या घरात? उद्या पोलीस आले तर?"

"नागीण उठली तेव्हा तुम्ही मला के. आर. पुरमला लाल माती लावायला नेलंत. त्या माणसाचा परवाना बघितला होता का?"

आमच्याकडे पूर्वीपासून तसंच चालत आलंय. नागिणीला सर्पसुत्तु म्हणायचं, अंगावर लाल मातीची वेटोळी काढून घ्यायची आणि डॉक्टरकडे जायचं नाही. त्यात पाच दिवस गेले. जी गोळी पहिल्या दोन-तीन दिवसांत पोटात जायला हवी होती ती सहाव्या दिवशी गेली. ते पाच दिवस मी ह्यांना अजून माफ केलेले नाहीत, आणि स्वतःलाही नाही.

दोन आठवडे ते तेल जिभेखाली धरलं. ढिम्म फरक नाही. मग चष्मा लावून लेबल वाचलं, जे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. कागद वाचल्याशिवाय ज्या बाईने एक बोल्ट पुढे जाऊ दिला नाही, तिने स्वतःच्या तोंडात न वाचता तेल घातलं! बारीक अक्षरात लिहिलं होतं, बियांचं तेल. म्हणजे खाण्याची वस्तू. त्यात सीबीडी जवळजवळ नसतंच. चटणीवर घालायला मात्र छान होतं, ते मी संपवलं.

मग जवळच्याच एका आयुर्वेदाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी सरळ सांगितलं, "या झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा, तो कायद्याने बंद. पानांपासून केलेलं औषध आयुर्वेदाच्या परवान्याखाली बनतं आणि चिठ्ठीवर मिळतं. चिठ्ठी जपून ठेवा."

"गुण येईल?"

"फिट्सच्या काही आजारांत पुरावा चांगला आहे. तुमच्यासारख्या दुखण्यात कच्चा. थोड्या जणांना बरं वाटतं. नसांच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत, आणि तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय थेंबही घ्यायचा नाही."

न्यूरॉलॉजिस्टना विचारलं, त्यांनी थोड्या प्रमाणात घेऊन बघायला हरकत घेतली नाही. बाटली घरी आली, सोबत तपासणीचा अहवाल. बाटलीवरचा बॅच नंबर एक आणि अहवालावरचा भलताच. मी कंपनीला फोन लावला.

"मॅडम, ते सुम्ने, उगाच फॉर्मॅलिटी. माल सगळा सेमच असतो," पलीकडचा म्हणाला.

हे वाक्य मी कारखान्यात रोज ऐकायची आणि रोज माल परत पाठवायची. बाटली परत पाठवली. "इतकी कटकट कशाला?" हे म्हणाले. म्हटलं, जे मी यंत्रात जाऊ देत नव्हते ते पोटात का जाऊ देऊ? दुसरी बाटली आली तिचे नंबर जुळले, मगच झाकण उघडलं.

तपासणी माझ्या पद्धतीने केली. रोज सकाळी दहाला जुन्या धोतराचं तेच मऊ फडकं डाव्या खांद्यावर टाकायचं, ते किती वेळ सोसवतं ते घड्याळात बघायचं आणि वहीत लिहायचं. पहिल्या आठवड्यात वेळ थोडी वाढली. आता आमचे हेच सगळ्यांना सांगत सुटले की गुण येतोय. पोलिसांचं नावही नाही! दुसऱ्या आठवड्यात वेळ पुन्हा खाली आली आणि महिना संपेपर्यंत तिथेच राहिली. दुपारी डुलकी मात्र जास्त लागायची. शेवटच्या पानावर मी लिहिलं, नापास.

"पण काकू, माझ्या मॅनेजरला खूप फरक पडला," वरची मुलगी हिरमुसून म्हणाली.

"पडला असेल. माझ्या खांद्याला नाही पडला."

मला रडू आलं. इतके दिवस नाही म्हटलं तरी मी त्या बाटलीकडे आशेने बघत होते. दुसऱ्या दिवशी शिंप्याकडे गेले आणि ब्लाउजचा डावा खांदा कापून मागितला. वयाच्या साठाव्या वर्षी एका खांद्याचा ब्लाउज! त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

लग्नाच्या दिवशी पदर उजव्या खांद्यावर घेतला. "लोक काय म्हणतील?" हे पुटपुटले, पण हॉलमध्ये दिवसभर माझ्या डाव्या बाजूने चालत राहिले, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. एक म्हातारी "अय्यो, उलटा पदर!" म्हणत सारखा करायला आली. "हात लावू नका," मी म्हटलं, आणि पुढे होऊन भाचीची ओटी भरली.

पाया पडून ती उठली आणि माझ्या खांद्याकडे बघून थबकली. मीच तिला ओढून जवळ घेतलं, डाव्या बाजूने. आग झाली. झाली तर झाली.