गुरुजींच्या खड्ड्यात गेलेला माझा राब

आमच्या शाळेच्या भिंतीवर हिरव्या रंगात ‘झाडे लावा, झाडे जगवा’ असं लिहिलं होतं, आणि त्याच भिंतीमागे सिद्धगडाकडचं रान सुरू व्हायचं. रानाला वाचता येत नव्हतं, त्यामुळे ते आपलं आपण वाढत होतं. वाचता तर मलाही येत नव्हतं. मी शाळेत खिचडी शिजवायला लागले तेव्हा पहिलीचा वर्ग माझ्या चुलीला लागूनच होता. आत पोरं ‘क कमळाचा’ ओरडायची, बाहेर मी डाव फिरवत ओरडायची. दोन वर्षांत मला वाचता यायला लागलं. तेवढ्यात खिचडी दोनदाच करपली, म्हणजे सौदा काही वाईट नव्हता.

तर त्या साली शाळेत नवे गुरुजी आले. वाशिंदचे. वडील तिथल्या कारखान्यात, घर चाळीत, तांदूळ दुकानातला. वयाने माझ्या धाकट्या मुलाएवढे, पण गुरुजी म्हणजे गुरुजी, मी ‘अहो’च म्हणायची. ते कुठल्याशा शिबिरातून एक जाडं पुस्तक घेऊन आले होते. मुलांना पर्यावरण नुसतं सांगायचं नाही, हातांनी करून दाखवायचं, असं त्यात होतं. कल्पना चांगली. पण ते पुस्तक लिहिणाऱ्याने मुरबाडच्या पुढे कधी पाऊल टाकलं नसावं.

पहिला धडा, दात घासताना नळ बंद करायचा.

एक पोरगी उभी राहिली. “गुरुजी, नळ कुठं हाय?”

“समजा इथे आहे,” गुरुजी म्हणाले आणि हवेत बोट दाखवलं.

सगळ्या वर्गाने हवेतला नळ चालू केला, बोटाने दात घासले, नळ बंद केला. मी दारातून बघत होते. माझं माहेर भातसानगरच्या अलीकडचं. आमच्या दारावरून पाणी मुंबईला जातं आणि माझी भावजय डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढते. हा धडा मुंबईत घ्यावा, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण खिचडीला फोडणी द्यायची वेळ झाली होती.

दुसरा धडा प्लास्टिकचा. प्रत्येकाने घरातल्या दहा पिशव्या आणायच्या, कचऱ्याचा ढीग करायचा आणि बघायचं आपण किती घाण करतो. आता आमच्याकडे पिशवी आली की ती धुवायची, दोरीवर वाळत घालायची, त्यात मीठ ठेवायचं, बी ठेवायचं, पावसात पाटी-पुस्तक ठेवायचं. पिशवी म्हातारी होऊन मरेपर्यंत तिला सुट्टी नाही. पोरांनी घरोघरच्या खुंटीवरून पिशव्या उचलल्या आणि दुपारी आयांची रांग शाळेत लागली. त्या रांगेत मीही होते.

“ही माझी सुकटाची पिशवी. वास घ्या, पटेल,” मी गुरुजींना म्हटलं.

गुरुजींनी वास घेतला आणि लगेच पटलं. ढीग उठला. पुस्तकातलं पुढचं पान उलटलं गेलं, आणि त्याच पानाने माझा घात केला.

तो होता खताचा खड्डा. पालापाचोळा जाळायचा नाही, जाळणं हा निसर्गाचा अपमान, तो खड्ड्यात घालून सडवायचा. शाळेच्या मागे, माझ्या चुलीपासून दहा पावलांवर, पोरांनी कंबरभर खड्डा खणला. चार गट केले. जो गट जास्त पाला आणील त्याला कंपासपेटी. माझी नात तिसरीत होती आणि एका गटाची पुढारी. कंपासपेटीसाठी तिने सिद्धगडसुद्धा खांद्यावर आणला असता.

तीन दिवसांत खड्डा काठोकाठ. मी कौतुकाने टाळ्या वाजवल्या. एवढंच करून थांबले नाही, रोज तांदळाचं धुवण आणि भाजीची सालं-बिया त्यात ओतायला लागले. गुरुजी म्हणाले, “मावशी, तुम्ही तर पर्यावरणप्रेमी निघालात.” मी फुगले.

रविवारी शेतावर गेले. आमचं शेत शाळेच्या मागच्या उतारावर. बांधाच्या कडेला माझ्या राबाचा ढीग असायला हवा होता.

इथे सांगायला हवं, कारण गुरुजींनाही सांगावं लागलं. आमच्याकडे भाताचं रोप करायचं तर आधी राब भाजतात. रोपाची जागा ठरलेली असते. तिच्यावर शेण पसरायचं, वर ऐनाच्या फांद्या, वर सुकलेला पाला, आमच्या भाषेत पातेरा, वर थोडी माती, आणि उन्हाळ्यात ते सगळं सावकाश भाजायचं. मग त्या राखेत पेरणी. जमीन भाजली की तणाचं बी मरतं आणि रोप काळंभोर येतं. रोप नीट आलं तर आवणी, म्हणजे लावणी, आवणी झाली तर भात, आणि भात झालं तर वर्षभर आमच्या घरातली सात तोंडं चालतात. हे सगळं त्या एका ढिगावर. तो ढीग मी महिनाभर, पाटी पाटी करून, गुडघ्यांना शिव्या देत जमवला होता.

ढीग नव्हता. वारा लागू नये म्हणून त्यावर ठेवलेले दगड मात्र बांधावर होते. लहानमोठे लावून, एका ओळीत, स्वच्छ पुसून ठेवलेले. माझ्या नातीला टापटीप फार.

घरी येऊन तिला धरलं. “माझा पातेरा कुठं गेला गो?”

“खड्ड्यात. आजी, तुजा ढीग सुकलेला व्हता, काडीकचरा नाय, एकदम तयार. रानात कशाला जायाचा?”

“आणि राब काय तुज्या कंपासपेटीत भाजू?”

“जाळायचा नाय, आजी. जाळणं पाप हाय.”

“पाप? तू रोज ताट भरून तेच पाप खातंस ना!”

ओट्यावरून आमचा म्हातारा म्हणाला, “पातेरा नसला तर गुरुजीलाच भाजू. वाशिंदचा हाय, कोवळा हाय, लवकर जळंल.”

हसायला आलं, पण तेवढ्यापुरतंच. नवा पाला आणायचा कुठून? जवळचं रान गावाने केव्हाच झाडून नेलेलं, आणि पलीकडच्या टेकडीवरून वणवा फिरून गेलेला. खड्ड्यातला परत काढावा तर तो भिजून लगदा झालेला. भिजवला कोणी? पर्यावरणप्रेमी मावशीने.

सोमवारी गुरुजींना चुलीजवळ बोलावलं. सगळं ऐकून ते म्हणाले, “राब म्हणजे नेमकं काय?”

मी सांगितलं. चूल फुंकत सांगितलं, म्हणून डोळ्यांतून पाणी धुराने येत होतं की कशाने, त्यांना कळलं नसावं. ते खाली बसले. त्यांच्या हातातलं पुस्तक मांडीवर उघडंच राहिलं.

“मावशी, गावाने वर तक्रार केली तर माझी नोकरी जाईल.”

“नोकरीचा मागून बघू. आधी माज्या रोपाचा बोला.”

“तीन महिन्यांत खत तयार होतं, असं यात लिहिलंय.”

“मग करून दाखवा. हातांनी करायचा म्हणता ना सगळा?”

आणि मेच्या सुट्टीत हा माणूस खरोखर वाशिंदहून यायचा. नाकाला रुमाल बांधून खड्ड्यात उतरायचा, फावड्याने खत खालीवर करायचा आणि वर येऊन उलटीसारखं तोंड करून बसायचा. मी ताक द्यायची. रागाने द्यायची, पण द्यायची.

नुसत्या पुस्तकावर विसंबायला मात्र मी वेडी नव्हते. माझ्या जावेकडे गेले. तिचं शेत बांधाला बांध लागून. तिने तिच्या ढिगातल्या पाट्या भरून दिल्या आणि प्रत्येक पाटीबरोबर एक टोमणा दिला. “नात पंडित झाली गो तुजी, आता मंत्रानं भात पिकव.” पाट्या मोजक्या होत्या, टोमणे भरपूर. त्या पाल्यात माझ्या रोपाची अर्धीच जागा भाजून झाली. उरलेल्या अर्ध्यात गुरुजींच्या खड्ड्यातलं खत टाकलं. जूनमध्ये दोन्हीकडे एकाच दिवशी, एकाच पोत्यातलं भात पेरलं.

पंधरा दिवसांनी गुरुजी अख्खा वर्ग घेऊन बांधावर. पोरांनी सुतळीचे चौकोन टाकले आणि आतलं एकेक पातं मोजायला बसली. भाजलेल्या बाजूला रोपच रोप. खताच्या बाजूला रोप होतं, चांगलं जाडंही होतं, पण त्याच्यासोबत तण, चिंचेची रोपं, दोन टोमॅटो आणि एक दुधी. खिचडीच्या भाज्यांचा सगळा गोतावळा माझ्या राबात नांदायला आला होता.

“गुरुजी, दुधी कुठल्या रकान्यात लिवायचा?” नातीने विचारलं.

“तुज्या आजीच्या नावावर लिव,” मी म्हटलं.

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी चपला काढल्या, पॅन्ट वर दुमडली आणि तण उपटायला बसले. पोरं बसली. तीन दिवस भूगोल बंद, गणित बंद, नुसतं तण. गुरुजींनी पहिल्या तासात तणाबरोबर बरंच रोपही उपटलं. मग माझी नात त्यांना शिकवायला लागली: “हे आपलं, हे परक्याचं. पानाचा बूड बघा, गुरुजी.”

काम करताकरता त्यांनी मला विचारलं, “मावशी, ते ऐन असे मुंडकी उडवल्यासारखे का उभे आहेत?” बांधापलीकडच्या झाडांकडे बघत होते. राबासाठी फांद्या तोडून तोडून आम्हीच ते तसे केले होते. मी लग्न होऊन आले तेव्हा ऐनाखाली सावली होती. तणाचं उत्तर त्यांच्या पुस्तकात नव्हतं, हे मी सगळ्या गावाला सांगत फिरले होते. ह्याचं उत्तर माझ्याजवळ होतं, पण मी म्हटलं, “खाली बघा, रोप उपटताव.” त्या वर्षापासून ऐनावर कोयता थोडा कमी चालवला, एवढं खरं. म्हाताऱ्याला कारण गुडघ्यांचं सांगितलं.

आवणीच्या दिवशी सकाळपासून एकच हिशोब, रोप पुरेल का. रोप उपटून मुठी बांधल्या, खाचरात फेकल्या, सगळ्या वाकलो. दुपारपर्यंत मोठी खाचरं झाली. शेवटच्या लहान खाचरात पोचलो आणि एका कोपऱ्यापाशी मुठी संपल्या. नुसता चिखल राहिला, आमच्या ओट्याएवढा.

पलीकडच्या बांधावरून जाऊ बघत होती. ती खाली वाकली, पाच-सहा मुठी उचलल्या आणि एकेक करून माझ्या चिखलात फेकल्या.

“घे गो, माज्या उरल्यात. पण पुढल्या साली माजा ढीग कुठं असतो ते तुज्या गुरुजीला सांगू नको.”

“सांगितलाय,” मी म्हटलं. “कंपासपेट्या दोन ठेवल्यात म्हणं.”

तिने अजून एक मूठ फेकली, ती बरोबर माझ्या पाठीवर बसली. तीही सोडवून लावली. कंबर सरळ केली तेव्हा खाचरात कुठे जागा उरली नव्हती.