कर्दळीच्या वाफ्याची मालकीण

"आधी वास घेऊ द्या, सर. मंग सांगते."

पाणी कसं आहे, असं कोणीही विचारलं की ती आधी नळाखाली ओंजळ धरायची, डोळे मिटून वास घ्यायची आणि मगच बोलायची. प्राचार्यांनी विचारलं तरी तेच. प्राचार्य बिचारे तोवर रुमालाने कपाळ पुसत उभे. आमच्या कॉलेजात त्यांना असं ताटकळत ठेवणारी ती एकटीच.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याचा अभिमान वाटतो आणि धास्तीही वाटते. मला तिची धास्ती वाटायची. कागदोपत्री मी तिचा मार्गदर्शक, वनस्पतीशास्त्राचा प्राध्यापक. ती शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, डोणगावच्या एका गवंड्याची मुलगी.

कॉलेजच्या आवारातलं पाणी, कचरा, वीज यांसाठी विद्यार्थ्यांनीच एखादा प्रकल्प उभा करायचा, अशी बाहेरच्या एका संस्थेची फेलोशिप त्या वर्षी आमच्याकडे आली होती. बाकीच्यांनी झाडं लावू, पोस्टर लावू असं लिहिलं होतं. हिने लिहिलं, मुलींच्या होस्टेलच्या आंघोळीचं पाणी गाळून संडासाला वापरू. निवडीला बसलेले आम्ही प्राध्यापक एकमेकांची तोंडं पाहू लागलो.

पण तिचं दुखणं खरं होतं. आमचा बोअर होळीच्या सुमारास दम तोडतो. मग टँकर येतो, तो पुरत नाही, आणि होस्टेल बंद होतं. मुली गावी जातात. परीक्षा तोंडावर आलेली असते आणि सकाळच्या पेपरला पोचवणारी बस बऱ्याच गावांहून नसते. दरवर्षी काहीजणींचं वर्ष तिथेच बुडतं. तिची मोठी बहीण त्यांतलीच होती. ती पुन्हा कॉलेजात आली नाही.

प्राचार्यांनी तिला शब्द दिला होता. फेलोशिपवाल्यांनी तपासणीला येऊन प्रकल्प पसंत केला, तर यंदा होस्टेल परीक्षेपर्यंत चालू राहील.

तिने घरून थापी आणली आणि होस्टेलच्या मागे स्वतः टाकं बांधायला घेतलं. ओढणी कमरेला खोचलेली, कोपरापर्यंत सिमेंट. वर्गातला एक पोरगा ओरडला, "काय बे, मिस्त्रीण झाली का?"

"हाव. तुया घरचं काम असंल तं सांग."

आधी गिट्टी, मग रेती, त्यावर कर्दळ. न्हाणीघराचं पाणी त्या वाफ्यातून झिरपून टाक्यात यायचं आणि तिथून संडासाच्या टाकीत जायचं. दिवाळीनंतर ते खरोखर चालू झालं. त्या दिवशी तिने मलाही वास घ्यायला लावला. ओल्या मातीचा वास होता. मला इतका आनंद झाला, की मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना चहा पाजला.

तिला भीती एकाच गोष्टीची होती: फिनाईल. "गिट्टीवर जंतू बसले रायतेत ना सर, तेच पाणी साफ करतेत. फिनाईल गेलं का सारे मेले." न्हाणीघराच्या दारावर तिने पाटी लावली. रेक्टर मॅडमना तर तिने माझ्यासमोर दोनदा सांगितलं होतं. मॅडम म्हणाल्या, "हो गं बाई, किती वेळा सांगशील!"

आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. कुठूनही पाहुणे येणार म्हटलं, की आदल्या दिवशी सगळी इमारत फिनाईलने धुऊन काढायची. त्या वासाशिवाय स्वच्छता झाली असं कोणाला वाटतच नाही. होळी झाली, टँकर सुरू झाला आणि फेलोशिपवाल्यांच्या तपासणीची तारीख आली. आदल्या दिवशी ती माझ्यासोबत प्रयोगशाळेत तक्ते करत बसली होती, आणि तिकडे मॅडमनी मोठ्या हौसेने, तिची ताकीद विसरून, सगळी न्हाणीघरं फिनाईलने धुऊन घेतली. पोरीचं नाव व्हावं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

सकाळी ती मला हाताला धरूनच वाफ्याकडे घेऊन गेली. टाक्यातलं पाणी दुधाळ झालं होतं, त्याला उग्र दर्प येत होता. कर्दळीची पानं कडेने काळी पडली होती.

प्राचार्य आले. पाहुण्यांना तासाभराचा अवकाश होता. ते म्हणाले, "टाकं उपसा आणि टँकरच्या पाण्यानं भरा. कोणाला कळतंय?"

"सर, ते पोरींचं प्याचं पाणी हाये."

"होस्टेल चालू ठेवायचंय ना तुला?"

"ठेवाचं हाये, सर. पण पाहुणे गेल्यावर उद्या संडासात काय टाकाचं?"

प्राचार्य लालबुंद झाले. मी मध्ये पडून काहीतरी पुटपुटलो, ते मलाही ऐकू आलं नाही. एवढ्यात फाटकातून गाडी आत आली.

दोन पाहुणे होते. त्यांतल्या बाईंनी वाकून पाण्याचा वास घेतला आणि मान वर केली. "फिनाईल?"

माझ्या शेजारी रेक्टर मॅडम उभ्या होत्या. ती आता मॅडमकडे पाहील, असं मला वाटलं. तिने पाहिलंही नाही.

"माही चूक हाये, मॅडम. धुणाऱ्या बायांले सांगाचं राहून गेलं. सध्या वाफा मेला हाये. जिवंत व्हाले दीड-दोन महिने लागतीन."

पाण्याबद्दल खोटं बोलायला जी तयार झाली नाही, ती एवढं एक खोटं सहज बोलून गेली.

बाईंनी विचारलं, "मग फेलोशिपच्या दुसऱ्या वर्षासाठी आमच्याकडून काय हवंय?"

"मले काही नको. फक्त होस्टेल परीक्षेपर्यंत बंद करू नका, असं आमच्या सरांले सांगा."

सगळे प्राचार्यांकडे पाहू लागले. त्यांनी रुमाल काढला, घडी करून परत खिशात ठेवला. "पाण्याचं काय करशील?" त्यांनी विचारलं.

"वाफा नाही तं आम्ही हावो, सर. आंघोळीचं पाणी बादलीत धरू अन् संडासात टाकू. एकही पोरगी नाही म्हणनार नाही."

"बघू," ते म्हणाले. मग पाहुण्यांसमोर त्यांना म्हणावंच लागलं, "बरं. चालू ठेवू."

फेलोशिपचं दुसरं वर्ष आम्हाला मिळालं नाही. होस्टेल मात्र चालू राहिलं. मोठ्या परातीत बसून आंघोळ करायची, ते पाणी बादलीत ओतायचं आणि पुढचीसाठी संडासाच्या दाराशी ठेवायचं, असा नेम पडला. पहिल्या आठवड्यात मुलींनी तिला यथेच्छ शिव्या घातल्या. ती हसायची आणि आपली बादली सगळ्यांच्या आधी ठेवायची. उन्हं कडक झाली, टँकर दोनदा चुकला, माझा जीव टांगणीला लागला. पण एकही पेपर कोणाचा बुडाला नाही.

तिचा शेवटचा पेपर सगळ्यांच्या शेवटी होता. होस्टेल तोवर रिकामं झालं होतं. पेपर देऊन ती परस्पर डोणगावच्या बसने गेली. मला भेटली नाही, याचा मला तेव्हा राग आला होता.

दुसऱ्या दिवशी मी आणि रेक्टर मॅडम खोल्यांना कुलपं लावायला गेलो. संडासाच्या दाराशी साबणाच्या पाण्याने काठोकाठ भरलेली एक बादली होती. पुढे वापरायला कोणीच उरलं नव्हतं, तरी तिने ती भरून ठेवली होती.

सोबतचा शिपाई ती ओतून द्यायला वाकला. मॅडमनी त्याचा हात धरला.

"राहू दे रे," त्या म्हणाल्या, "आजच्या दिवस राहू दे."