सोबतीला कोण

आई गेल्यावर रेशनकार्डावर माझं एकटीचंच नाव उरलं. चंदनसारला तळमजल्यावरच्या एका खोलीत मी राहते आणि शिलाईवर पोट भरते. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून उजव्या पायाला आधाराचं कॅलिपर लावावं लागतं. लग्न झालं नाही. आई होती तोवर त्याचं फार काही वाटलंही नाही.

साठी उलटली तसं छातीत दुखायला लागलं. पित्त असेल म्हणून मी ओवा चावून गप्प बसायचे. एका सकाळी ब्लाऊजला हुक लावता लावता डावा हात जड झाला आणि अंगाला दरदरून घाम सुटला. मशीनवर झाकण घातलं, कुलूप लावलं आणि रिक्षा करून एकटीच हॉस्पिटलात गेले. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाकडे जाणारी एक नळी तुंबली आहे, स्टेंट टाकावा लागेल.

मागे गल्लीत शिबिर भरलं होतं, तेव्हा मी सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड काढून घेतलं होतं. ते पर्समध्येच असायचं. योजनेच्या पेशंटसाठी हॉस्पिटलात वेगळी खिडकी आहे. तिथे बसणाऱ्या माणसाला आरोग्यमित्र म्हणतात. त्या दिवशी एक तरुण मुलगी होती. तिने कार्ड तपासलं, माझा फोटो काढला आणि म्हणाली, मंजुरी येईल, स्टेंट, औषधं, जेवण, सगळं योजनेतून होईल. मला इतकं हायसं वाटलं की पदराने डोळे पुसावे लागले. मग मान वर न करताच तिने विचारलं, "सोबत कोण आहे?"

"मीच आहे," मी म्हटलं.

"तसं नाही, काकी. नातेवाईक लागेल. सही करायला. आणि ऑपरेशन चालू असताना बाहेर कोणीतरी बसायला हवं."

वॉर्डात खाट मिळाली. पडल्या पडल्या मी फोन हातात घेतला. पहिल्यांदा गावी, चांदीपला, वहिनीला लावला. भाऊ गेल्यापासून शेती तीच बघते. कापलेलं भात शेतात पडलेलं आणि त्यात अवकाळी पाऊस. भात घरात येईपर्यंत ऑपरेशन थांबवता येईल का, असं तिने मला विचारलं. मी डॉक्टरांना विचारते म्हटलं आणि फोन ठेवला. विचारायचं काहीच नव्हतं. तिचाही राग आला नाही. तिचं वर्षाचं धान्य पाण्यात होतं.

मग बाकीचे नंबर बघत राहिले. गल्लीतल्या निम्म्या बायका माझ्या फोनमध्ये आहेत, पण प्रत्येकीच्या नावापुढे मी काही ना काही लिहून ठेवलंय. कुणापुढे फॉल, कुणापुढे पिको, कुणापुढे बाह्या लांब. यांतल्या कुणाला फोन करून ये म्हणायचं? वर्षानुवर्षं त्या माझ्या दारात येतात, पण त्यांच्या घरात मी कधी बसलेली नाही. मी फोन उशीखाली सरकवला.

शेजारच्या खाटेवर भुईगावची एक म्हातारी होती. तिची सून सोबतीला होती, चाळिशीची असेल. सासूला पेज भरवताना तिने माझं फोनवरचं बोलणं ऐकलं असणार. भांडं धुऊन आली आणि माझ्या खाटेशी उभी राहून म्हणाली, "मी बसते तुमच्यासाठी. नाहीतरी मला इथंच बसायचंय."

ती माझ्याबरोबर खिडकीपर्यंत आली. फॉर्मवर नात्याच्या जागी तिने शेजारीण असं लिहिलं. कुठली शेजारीण, असं त्या मुलीने विचारलं, तर ही म्हणाली, "यांच्या खाटेच्या शेजारची." मुलगी हसली नाही. ती डॉक्टरांना विचारून आली. पेशंट शुद्धीत आहे, स्वतःची सही करू शकते, हाक मारायला बाहेर माणूस असला की झालं, असं डॉक्टर म्हणाले होते.

ऑपरेशन मनगटातून झालं. मी जागीच होते. खोली फार गार होती. डॉक्टर आपापसात गाडी कुठे लावली त्याचं बोलत होते आणि मी छताकडे बघत विचार करत होते की बाहेर माझ्यासाठी कोणीतरी बसलंय. स्ट्रेचर बाहेर आलं तेव्हा ती खुर्चीतून उठली. हातात रोझरीची जपमाळ होती. माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "झालं." तेवढंच.

मला एक दिवस आयसीयूत ठेवलं. वॉर्डात परत आले तर शेजारच्या खाटेवर दुसरीच बाई होती. म्हातारीला घरी सोडलं होतं. सिस्टर म्हणाल्या, ती सून तुम्हाला भेटायला आयसीयूच्या दारापर्यंत आली होती, पण भेटीची वेळ नव्हती. मी तिचं नाव विचारलेलंच नव्हतं. भुईगाव काही लांब नाही, पण तिथे जाऊन विचारू काय? सासू-सुना तर घरोघरी आहेत.

घरी आले. वरच्या मजल्यावरची बाई दारात भेटली. इतके दिवस कुलूप कसं, म्हणाली. मी हॉस्पिटलचं सांगितलं. तिने काळजी घ्या म्हटलं, आणि थोडं थांबून तिच्या ब्लाऊजचं विचारलं.

काही आठवड्यांनी दुपारी एक फोन आला. योजनेच्या ऑफिसातून बोलतेय, म्हणाली. आवाज कोवळा होता. कोणी पैसे मागितले का, जेवण मिळालं का, औषधं मिळाली का, एकेक प्रश्न ती विचारत गेली. मी प्रत्येकाचं सविस्तर उत्तर दिलं. जेवणात काय काय असायचं तेसुद्धा सांगितलं. कितीतरी दिवसांत माझ्या तब्येतीबद्दल इतकं कुणी विचारलं नव्हतं. शेवटी ती म्हणाली, आता काही अडचण?

मी नाही म्हणणार होते. पण बोलून गेले की हल्ली रात्री दाराला आतून कडी लावत नाही. काही झालं तर कुणाला आत येता यावं म्हणून.

पलीकडे तिच्यासारख्याच पुष्कळ मुलींचे आवाज येत होते. ती हळू आवाजात म्हणाली, "मावशी, कडी लावत जा." पुढचा फोन घ्यायचा होता, म्हणून तिने ठेवला.

मी हो म्हटलं होतं. पण कडी अजून लावत नाही.