कुठवर आलीस?

आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत नव्यानेच रुजू झालेली स्नेहल वैतागून म्हणाली, "मॅडम, मी प्रोग्रामातून हजार अक्षरं लिहायला दिली होती. कॉम्प्युटरच्या टर्मिनलवर सातशेच उमटली. बाकीची खाल्ली की काय यानं?"

मला हसू आलं. ऑपरेटिंग सिस्टिमला अक्षरं लिहायला दिली, की किती लिहून झाली तो आकडा ती परत सांगते. कधी कधी सगळी एका दमात जात नाहीत. मग आकडा बघायचा आणि उरलेली तिथूनच पुढे द्यायची. स्नेहलनं आकडा बघितलाच नव्हता.

मला पाचवीतल्या शिंदेबाई आठवल्या. त्या श्रुतलेखन घालायच्या आणि मी कायम मागे पडायचे. आमच्या घरात त्याआधी कुणी पेन धरलं नव्हतं. "मला नको ती शाळा," असं मी आईला रोज सांगायचे. पुढच्या बाकावरची मंदा तर कुरकुरायचीच, "बाई, हिच्यासाठी थांबलात तर घंटा होईल!"

"होऊ दे. घंटा काही पळून जात नाही," बाई म्हणायच्या आणि माझ्याकडे वळायच्या. "कुठवर आलीस गं?"

"'डोंगराच्या'पर्यंत."

"बरं." त्या शब्दावर बोट टेकून बाई म्हणायच्या, "लिही, 'पलीकडे'."

मला पदवी मिळाली तेव्हा गावातले लोक म्हणाले, बाईंनी छान शिकवलं हो. खरंच आहे ते. पण मला दिसलं ते त्यांचं बोट. सगळा वर्ग पुढच्या ओळीवर गेलेला असताना, माझ्या शब्दावर टेकून थांबलेलं.